बिब्बा उतला

जमत आलेलं लग्न कुणी मोडलं की आपण म्हणतो, त्याने बिब्बा घातला. हा वाक्प्रचार मी छप्पन्न वर्षांच्या आयुष्यात शेकडो वेळा वापरला असेन. दुकानांच्या दारात लिंबू-मिरचीच्या खाली ओवलेला बिब्बा रोज बघितला. लहानपणी खोकला झाला की आई बिब्ब्यात सुई खुपसून तो दिव्यावर धरायची आणि त्याचे शेवते, म्हणजे तेलाचे थेंब, दुधात पाडून प्यायला द्यायची, तेही आठवतं. पण ओला बिब्बा हातात घेऊन फोडला तो एकदाच, यंदाच्या शिमग्यात.

कारण साधं होतं. लेक बाळंतपणाला माझ्याकडे साताऱ्यात आली होती, तारीख पाडव्याच्या आसपासची. डिंकाच्या लाडवांत गोडंबी हवीच. गोडंबी म्हणजे बिब्ब्याच्या आतलं बी, चारोळीपेक्षा मोठं, चवीला पिस्त्याच्या जवळ जाणारं. साताऱ्यात काष्ठौषधींच्या दुकानात ती सोललेली मिळते. मी दरवेळी तीच आणत आलेय. पण होळीला आम्ही गावी गेलो, कोयनेच्या खोऱ्यात, पाटण तालुक्यात, आणि बांधावरचं बिब्ब्याचं जुनं झाड लगडलेलं दिसलं. पुतण्याने दोन घमेली भरून फळं आणून ओसरीवर ओतली. घरचे बिब्बे असताना विकतची गोडंबी कशाला, असं माझ्या मनात आलं. हे असे विचार मला नेहमी गावीच सुचतात. शहरात असताना मी निमूट पाकीट फोडते.

बिब्बा हा काजूचा भाऊ. काजूसारखंच खाली नारिंगी मऊ बोंड आणि त्याच्या टोकाला खरं फळ. इंचभर, काळं, चकचकीत, जरा चपटं, हृदयाच्या आकाराचं. बोंड पोरं भाजून खातात. काळ्या फळाला दोन कवचं असतात आणि त्या दोहोंच्या मधे मधाच्या पोळ्यासारखी खणाखणांची जागा. सगळं तेल तिथे भरलेलं असतं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला आतलं बी तेवढं दिसत होतं.

घरातला सुपारीचा अडकित्ता घेतला, पाटावर बसले आणि पहिला बिब्बा पात्यात धरून दाबला. सुपारी फुटताना कट्ट होतं, तसं काही झालं नाही. साल आधी आत दबली, जरा रबरासारखी, आणि मग पचकन तेल उडालं. डाव्या मनगटावर एक मोठा थेंब, त्याच्या वर कोपराच्या दिशेने चार-पाच बारीक शिंतोडे. थेंब आधी काकवीसारखा तपकिरी होता. बघता बघता काळा पडला. दुखलं नाही, चुरचुरलंही नाही. मी पदराने पुसला आणि दुसरा बिब्बा घेतला.

असे बत्तीस फोडले. ऊन वाढलं तसा घाम आला, दोनदा मनगटाने कपाळ पुसलं, एकदा नाकावर घसरलेला चष्मा वर केला. गोडंबी निघाली पसाभरसुद्धा नाही. बोटं डांबरात घातल्यासारखी झाली होती. पाण्याने निघेनात, म्हणून खोबरेल लावून फडक्याने खसाखसा पुसली, पार कोपरापर्यंत. साबण लावला तो दोन तासांनी, जेवायच्या आधी.

माझ्या थोरल्या चुलत सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो, त्या दिवशी बहिणीकडे गेल्या होत्या. संध्याकाळी आल्या. वयाची ऐंशी पार केलेली, पण ओसरीवरचा पसारा त्यांच्या नजरेतून सुटला नाही.

"कुणी सांगितला तुला ह्यो उद्योग? वली फळं फोडत्यात व्हय कुणी?"

मी हात पुढे करून दाखवले. "काही झालं नाही, आत्याबाई. थोडे डाग पडलेत."

त्यांनी माझा हात धरला, उलटा केला, सुलटा केला, सोडून दिला. "आगं, ह्यो काय इस्तू हाय का लगीच भाजायला? बिबा उततो. आज न्हाय, परवा कळंल."

सोमवारी साताऱ्याला परत आलो. त्या संध्याकाळी मनगटाला खाज सुटली. मंगळवारी पहाटे उठले तर उजवा डोळा उघडेना. आरशात बघितलं. दोन्ही पापण्या पाण्याने भरलेल्या फुग्यासारख्या, कपाळावर लाल गांधी, आणि डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत फोडांची सरळ रांग, अगदी शिंतोडे उडाले होते त्याच वाटेने. मोठा थेंब पडला होता तिथे मधे काळा डाग आणि भोवती मोत्यांच्या सरीसारखे फोड. तो तेवढा भाजल्यासारखाच दिसत होता आणि दुखतही तसाच होता. बाकी सगळीकडे खाज. खाज म्हणजे डासाची असते ती नव्हे. कातडीच्या खालून कुणी गरम सुया फिरवाव्यात तशी.

शेजारच्या काकूंनी रांग बघितली आणि नागीण ठरवली. गेरू लावायला सांगितला. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो, हेही सांगितलं, माझ्या गरोदर लेकीच्या देखत. नागीण ही कांजिण्यांच्या विषाणूची करामत असते आणि ती बहुधा शरीराच्या एकाच बाजूला एका पट्ट्यात उठते. माझ्या दोन्ही डोळ्यांच्या पापण्या सुजल्या होत्या. पण सुजलेल्या डोळ्यांनी वाद कोण घालणार?

जवळच्या एका दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी लांबूनच बघितलं, "ॲलर्जी" म्हणाले, एक इंजेक्शन दिलं, पाच दिवसांच्या गोळ्या लिहिल्या. कशाची ॲलर्जी, कशाला हात लावला होता, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. मला वाटलं, एवढ्या शिकलेल्या माणसाला बिब्बा काय सांगायचा. तिसऱ्या दिवशी सूज उतरली. पाचव्या दिवशी मी अगदी बरी. सहाव्या दिवशी गोळी नाही. सातव्या दिवशी सगळं परत आलं, आणि येताना मानेवर आणि पोटावर नवी ठाणी घेऊन आलं.

याच आठवड्यात आमच्या घरात दुसरा रोगी तयार झाला. ह्यांना जेवणानंतर सुपारी लागते. माझं तोंड बघून मंगळवारपासून ह्यांचं हसू मावत नव्हतं. 'बिब्बा आपला आपल्यालाच घातलास' हा विनोद तीन पाहुण्यांना सांगून झाला होता. गावाहून आलेला अडकित्ता पिशवीतून निघून डब्यात गेला होता, तो मी नुसता पाण्याखाली धरला होता. ह्यांनी त्याच अडकित्त्याने सुपारी कातरली. शनिवारी ह्यांचे दोन्ही ओठ मारुतीसारखे पुढे आले. दोन दिवस घरात विनोद झाला नाही. वरणभात चमच्याने, तोही थंड.

अशी ही जोडी मग एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेली. ओळीत बरीच माणसं होती आणि तासभर बसणं भाग होतं. त्या तासात मला जे बघायला मिळालं त्यामुळे माझं दुःख जरा हलकं झालं, हे कबूल करते. माझ्या शेजारी कोरेगावकडचे एक शेतकरी बसले होते. चेहरा, मान आणि कोपरांच्या आतल्या घड्या काळवंडून चामड्यासारख्या जाड झालेल्या. गाजरगवत. अमेरिका खंडातलं हे गवत आपल्याकडे पहिल्यांदा नोंदलं गेलं ते पुण्यात, 1955 च्या सुमारास. आयात गव्हाबरोबर आलं म्हणतात, आणि 'काँग्रेस' हे नाव घेऊन बांधाबांधावर बसलं. त्याला हात लावावाच लागतो असं नाही. त्याच्या वाळक्या कणांची धूळ वाऱ्यावर येऊन उघड्या अंगावर बसते. ते म्हणाले, "ताई, दरसाल हाय बघा. रान सोडून जायचं कुटं?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. डॉक्टरांकडे मलम होतं.

समोर एक कॉलेजचा मुलगा, पायाच्या नडगीवर टरारून फुगलेले फोड. त्याला कोडाचा डाग होता, कुणीतरी बावचीचं तेल लावून उन्हात बस म्हणून सांगितलं होतं. तो दोन तास बसला. बावचीच्या बियांत सोरालेन नावाचं द्रव्य असतं. कातडीला लागलं की नुसतं काही करत नाही, पण त्यावर ऊन पडलं, उन्हातले अतिनील किरण पडले, की पेशी होरपळतात. मग फोड, मग महिनोन् महिने टिकणारा काळा डाग. अंजिराचा चीक आणि लिंबाचा रस हेही उन्हात अंगाला लागले तर असाच दगा देतात. उन्हात बसून लिंबं पिळणाऱ्यांच्या हातांवर ओघळांचे तपकिरी नकाशे उमटतात ते यामुळे. गंमत अशी की कोडाच्या शास्त्रीय उपचारात हेच सोरालेन आणि हेच किरण वापरतात, फक्त मोजून, यंत्राखाली, सेकंदांच्या हिशेबाने. मुलाच्या आईला सेकंद कुणी सांगितले नव्हते.

आमचा नंबर आला. डॉक्टर वयाने माझ्या लेकीएवढ्या. त्यांनी आधी माझा हात बघितला, मग ह्यांचे ओठ बघितले, मग आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि विचारलं, "काय फोडलंत? काजू की बिब्बा?"

मला एकदम बरं वाटलं. अजून एक गोळी पोटात गेली नव्हती तरी.

त्यांनी सांगितलं ते मी माझ्या भाषेत लिहिते. बिब्ब्याच्या तेलात भिलावनॉल नावाची द्रव्यं असतात. अमेरिकेत पॉयझन आयव्ही नावाची वेल आहे, जिच्या पानाला हात लागला तर असाच प्रकार होतो, तिच्यातल्या उरुशिऑलचे हे सख्खे भाऊबंद. उरुशी हा जपानी शब्द, लाखेसारख्या रोगणाचा. ज्या झाडाच्या चिकापासून जपानी कारागीर चकचकीत काळी भांडी रंगवतात तेही याच कुळातलं. कुळ मोठं आहे आणि घराघरांत पोचलेलं आहे: आंबा, काजू, पिस्ता, चारोळी, बिब्बा. आंब्याच्या देठाचा चीक लागून पोरांच्या ओठांना 'आंबा उततो', तो याच घराण्याचा गुण.

हे तेल कातडीत शिरतं आणि आपल्याच प्रथिनांना चिकटून बसतं. शरीराच्या राखणदार पेशी ते बघतात आणि त्यांना आपलंच माणूस परकं दिसायला लागतं. त्या आत जाऊन वर्दी देतात, फौज गोळा होते, मग ती त्या जागेवर येते. याला एक ते तीन दिवस लागतात. म्हणून रविवारी काहीच झालं नाही आणि मंगळवारी डोळे मिटले. जाड कातडीवर आणि जिथे तेल कमी लागलं तिथे आणखी उशीर, म्हणून रोज नवीन जागी उठतंय, पसरतंय असं वाटतं. ते पसरत नसतं, उशिरा पोचलेलं असतं. काही माणसांना बिब्बा आयुष्यभर उतत नाही, काहींना दहा वेळा हाताळल्यावर अकराव्या वेळी उततो. एकदा का शरीराने ओळख धरली की ते विसरत नाही. थेंब जिथे थेट पडून राहिला तिथे मात्र हे सगळं नंतरचं. ते तेल मुळातच जहाल, ती जागा भाजलीच होती, फक्त बोलली उशिरा.

मी ऐकत होते आणि डोक्यात आत्याबाईंचा एकच शब्द घुमत होता. दूध कसं असतं? गॅसवर ठेवलं की बराच वेळ स्वस्थ. तुम्ही शेजारी उभे राहता तोवर साय हलत नाही. फोन वाजला म्हणून पाठ फिरवली की पातेल्याबाहेर. उतणं म्हणजे नेमकं हेच, आतल्या आत तापणं आणि मागाहून वर येणं. 'उतू नकोस, मातू नकोस' म्हणताना आपण माणसाबद्दल तेच बोलतो. ज्या कुणी बाईने पहिल्यांदा 'बिब्बा भाजला' न म्हणता 'बिब्बा उतला' म्हटलं असेल, तिने हाच दोन दिवसांचा विलंब बघून शब्द निवडला असणार. पाठ्यपुस्तकात याला विलंबित अतिसंवेदनशीलता म्हणतात. शब्द वाईट नाही, पण तो ऐकून कुणी हात आवरेल असं वाटत नाही.

संस्कृतातही याची नावं अशीच रोखठोक आहेत. भल्लातक सगळ्यांना माहीत असतो, पण अग्निमुख हेही एक नाव आहे, आणि अरुष्कर हे दुसरं. अरुस् म्हणजे व्रण, तो करणारा अरुष्कर. चरकसंहितेत रसायनांच्या प्रकरणात याला अग्नीसारखा म्हटलंय आणि लगेच पुढे, विधीप्रमाणे वापरला तर अमृतासारखा. विधी म्हणजे शोधन, बिब्बे विटेच्या चुऱ्यात घोळायचे, तेल चुऱ्यात उतरू द्यायचं, मग धुवायचे. आत्याबाई नंतर फोनवर हेच बोलल्या होत्या, "वाळवायची, इटकरीच्या भुकटीत लोळवायची, हाताला राख फासायची, मग फोडायची." त्यांनी चरकाचं नावही ऐकलेलं नाही.

विदर्भ-मराठवाड्यात काही गावांतल्या बायका पोटासाठी बिब्बे फोडतात. वाण्याकडच्या पाकिटातली पांढरी स्वच्छ गोडंबी अशाच कुणीतरी काढलेली असते. मी बत्तीस फोडले. किलोभर गोडंबीला किती फोडावे लागत असतील, हा हिशेब मी त्या आठवड्यात रात्री खाज सुटल्यावर करत बसायचे, आणि तो कधी पुरा झाला नाही.

उपचाराचं सांगते, कारण वाचणाऱ्यांत कुणीतरी बांधावरचा बिब्बा बघून मोहात पडेलच.

डॉक्टरांच्या मते खरा उपचार पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत असतो, आणि तो म्हणजे साबण आणि भरपूर वाहतं गार पाणी. नखांखाली, बोटांच्या बेचक्यांत, घड्याळाच्या पट्ट्याखाली. मी त्या वेळात खोबरेल चोळत होते. तेलात तेल विरघळतं हे खरं, पण ते साबणाने धुऊन टाकलं नाही तर थेंबभर बिब्बा हातभर पसरतो. माझ्या बाबतीत तसंच झालं होतं. मग बाकीच्या वस्तू. अडकित्ता, पाट, चष्म्याच्या काड्या, दाराची कडी, सगळं हातमोजे घालून साबणाने दोनदा. हे तेल सुकलं तरी मरत नाही. वर्षानुवर्षं वस्तूवर जिवंत राहतं. लाकूड तोडलं तर जाळायचं नाही, धूर अंगाला, डोळ्यांना आणि फुप्फुसांना लागतो. पुतण्याने त्या झाडाच्या वाळक्या फांद्या होळीत टाकायचा बेत केला होता. त्या ओल्या निघाल्या म्हणून राहिलं, नाहीतर अख्ख्या आळीचे डोळे मिटले असते.

उतल्यानंतर मात्र घाई चालत नाही. पहिल्या दवाखान्यातली गोळी चुकीची नव्हती. स्टेरॉइडच होतं ते. पाच दिवसांत बंद केलं तिथे चुकलं. फौज अजून रणात असताना दार उघडलं की ती दुप्पट जोराने आत येते. या वेळी तीन आठवडे, न्याहारीनंतर, रोजची मात्रा हळूहळू उतरत नेलेली, आणि मधे दोनदा साखर तपासायची कारण माझी आधीच काठावर आहे. ह्यांना ओठांपुरतं सौम्य मलम आणि सुपारी बंद. ओल्या फोडांवर पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्याच्या घड्या, तेच विहिरीत टाकतात ते जांभळं औषध. पण पाणी फिकट गुलाबी दिसेल इतकंच, त्याहून गडद केलं तर तेच भाजतं. घड्या सुकल्या की कॅलामाइन. झोपेसाठी रात्रीची एक गोळी. मोठे दोन फोड डॉक्टरांनी निर्जंतुक सुईने टोचून पाणी काढलं, पण वरची कातडी तशीच ठेवली. ती आपली फुकटची पट्टी, म्हणाल्या. मनगटावरच्या भाजलेल्या जागेला जखमेसारखं मलमपट्टी आणि टिटॅनसचं इंजेक्शन.

गरम पाणी बंद. हे सगळ्यात अवघड. खाज सुटलेल्या हातावर कढत पाण्याची धार सोडली की जे सुख मिळतं त्याचं वर्णन करायला मला लाज वाटते. अर्ध्या मिनिटाचं सुख, आणि मग तासभर दुप्पट आग. मी दोनदा चोरून केलं. ह्यांना कळलं, पण त्यांच्या ओठांमुळे ते फार बोलू शकले नाहीत.

त्या आठवड्यात कपडे भिजवताना आणखी एक गोष्ट उलगडली. माझ्या सुती साडीच्या पदरावर बिब्बा पुसल्याचे डाग होते. साबण, लिंबू, ऊन, कशाकशाला दाद देईनात. आणि एकदम आठवलं, माझ्या वडिलांच्या सदऱ्याच्या कॉलरच्या आत परटाची काळी खूण असायची, सदरा विरला तरी ती विरायची नाही. परीट बिब्ब्याचं तेल आणि चुना मिळून शाई करायचे. इंग्रजांनी म्हणूनच याला खुणेचं बी म्हटलं, आणि वनस्पतिशास्त्रातलं सेमेकार्पस हे नावही ग्रीकमधलं, खुणेचं फळ अशाच अर्थाचं. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांना मानेवर आणि कमरेवर चट्टे उठू लागले. नेमके कपड्यावर परटाची खूण असेल तिथेच. 1943 साली त्यांच्या डॉक्टरांनी त्यावर लेख लिहिला. पॉयझन आयव्हीने ज्याचं अंग एकदा चिडलं त्याला बिब्बाही खपत नाही, आणि तिकडच्या कित्येकांना आयव्हीची ओळख लहानपणीच झालेली असते. शर्टावरची वाळून गेलेली, धुतलेली, इस्त्री केलेली ठिपक्याएवढी खूण पुरली. आपले लोक तेच शर्ट घालून पिढ्यान् पिढ्या हिंडले. सगळ्यांना उतत नाही, ते असं.

पाडव्याच्या आदल्या रात्री लेक बाळंत झाली. मुलगी. मी दवाखान्यात गेले ती हातमोज्यांसकट, बाही मनगटापर्यंत ओढून. त्वचेच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की फोडांतलं पाणी हे आपलंच पाणी, त्यात बिब्बा नसतो, त्याने दुसऱ्याला काही होत नाही, तेल धुऊन गेलंय ना, मग खुशाल घ्या बाळाला. मला पटलंही होतं. पण लेकीच्या सासूबाई शेजारी बसल्या होत्या, आणि माझ्या कपाळावर सालपटं निघत होती. त्यांनी बाळ माझ्या दिशेने केलं, मग माझ्या हाताकडे बघितलं आणि दुपटं नीट करण्याच्या निमित्ताने पुन्हा आपल्याकडे ओढलं. मीही म्हटलं, राहू दे, झोपलंय. सहा दिवस मी नातीला लांबून बघितलं. बिब्ब्याने माझ्याकडून काय घेतलं असं कुणी विचारलं तर डोळे, झोप आणि तीन आठवडे मी सोडून देईन. हे सहा दिवस मोजेन.

बत्तीस बिब्ब्यांची ती गोडंबी डॉक्टरांनी टाकून द्यायला लावली. फोडताना तेल लागलेलीच होती ती. आणि बाळंतिणीला सध्या विकतचीही नको, घरात दोघांना उतलंय, तिच्यावर प्रयोग कशाला, म्हणाल्या. मी कागदात गुंडाळून पुरली. लाडू केले. डिंक, खारीक, खोबरं, अळीव वेगळे, मेथी थोडी. बदाम जास्त घातले.

बाराव्या दिवशी बारशाला आत्याबाई पुतण्याबरोबर एसटीने आल्या. आल्या आल्या माझा हात मागून घेतला, खिडकीशी नेऊन बघितला. मनगटावर थेंबाच्या जागी गुळगुळीत गुलाबी वण आणि भोवती काळसर कड; शिंतोड्यांच्या जागी फिकट तपकिरी ठिपके. "जाईल," म्हणाल्या, "पावसापतूर." मग कनवटीच्या चंचीतून एक बिब्बा काढला. वाळून सुरकुतलेला, काळ्या दोऱ्यात ओवलेला. पाळण्याला बांधायचा, दृष्टीसाठी. त्यांच्या सासूने दिलेला, घरातली सगळी पोरं त्याच्याखाली वाढलेली.

मी डॉक्टरांचं सांगितलं. तेल वाळलं तरी मरत नाही, बाळ हातात धरेल, तोंडात घालेल. आत्याबाईंनी ऐकून घेतलं. बिब्बा नखाने कुरतडून नाकाशी नेला, जरा वेळ धरला. मग पाळण्याकडे न जाता दाराशी गेल्या, पुतण्याला स्टुलावर चढवलं आणि चौकटीच्या वरच्या खिळ्याला बांधायला लावला, कुणाचाच हात पोचणार नाही अशा उंचीवर. खाली येऊन हात धुतले. साबणाने, दोनदा. मी सांगितलेलं नसताना.

नाव ठेवून झालं, घुगऱ्या वाटल्या, बायका गेल्या. मी त्यांना चहाबरोबर लाडू दिला. त्यांनी तो मोडला, अर्धा तोंडात टाकला, दात नसलेल्या हिरड्यांनी बराच वेळ घोळवला आणि माझ्याकडे बघितलं.

"गोडंबी न्हाय ह्यात."